एकोणिसावा चौकोन

१

अल्बिन रोझमान यांच्या संगणकाने एप्रिलपासून एकच रड लावली होती: जागा नाही, जागा नाही. अल्बिनना त्याचं काही वाटत नसे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी एकही वस्तू टाकून दिलेली नव्हती. माळ्यावर तीन मोडक्या शिड्या होत्या, कारण तीन मोडक्यांतून कधीतरी एक धड शिडी होईल असा त्यांचा विश्वास होता. संगणकाचाही त्यांनी माळाच करून टाकला होता.

"बाबा, यात अळंब्यांचे चारशे फोटो आहेत," दार्या म्हणाली.

"वेगवेगळ्या अळंब्या आहेत त्या."

"हा एकच फोटो सहा वेळा आहे."

"चांगला आला असेल."

दार्या ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती ल्युब्लियानातल्या एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायची. मे महिन्यात बाबांच्या छातीत कळ येऊन त्यांना इस्पितळात न्यावं लागलं, तेव्हापासून ती आपलं काम घेऊन गावी येऊन राहिली होती. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि बाबांना एकटं सोडायला तिचं मन घेत नव्हतं. शिवाय, खरं सांगायचं तर, तिला बाबा आवडायचे. सगळ्यांनाच आपले आईवडील आवडतात असं नाही. तिला आवडायचे.

जूनमधल्या एका सकाळी तिने पदर खोचल्यागत बाह्या वर सारल्या आणि डिस्क कशाने भरली आहे ते चित्रात दाखवणारं एक ऍप त्या संगणकावर घातलं. त्याचं काम साधं होतं. ते एकेक फोल्डर चाळत जायचं आणि शेवटी सगळी डिस्क रंगीत चौकोनांत मांडून दाखवायचं. ज्याने जास्त जागा खाल्ली त्याचा चौकोन मोठा, आणि प्रत्येक फोल्डरचा रंग निराळा.

पडदा भरला तशी दार्या हसली. "बाबा, इकडे या. तुमचं माश्यांचं घर आलंय बघा इथे."

कोपऱ्यात अळंब्या होत्या, त्यांच्याशेजारी चर्चच्या गायकवृंदाची गाणी होती. बाकी अर्ध्याहून जास्त पडदा अठरा सारख्या चौकोनांनी व्यापला होता. सहा-सहाच्या तीन ओळी, पिवळे, निळे, विटकरी, हिरवे. आणि खिडकीबाहेर, सफरचंदांच्या झाडांमागे, बाबांचं माश्यांचं घर उभं होतं. ते म्हणजे एक लाकडी खोली. तिच्या दर्शनी भिंतीत मधपेट्या खणांसारख्या बसवलेल्या, सहा-सहाच्या तीन ओळी, आणि माशीला आपलं दार ओळखू यावं म्हणून प्रत्येक पेटीची फळी वेगळ्या रंगाची. आतून त्या खोलीत शिरलं की पेट्यांची मागची दारं कपाटासारखी उघडता येत.

तीन वर्षांपूर्वी बाबांच्या मित्राने, निवृत्त विज्ञानशिक्षक स्तानेने, अठरा पेट्यांत अठरा छोटे मायक्रोफोन बसवून दिले होते. सकाळी सहा ते रात्री आठ, रोज, पेटीमागे एक फोल्डर. मुरलेल्या मधपाळाला गुणगुणीवरून कळतं, राणी बरी आहे की नाही, माश्या घर सोडायच्या बेतात आहेत की नाही. बाबा हिवाळ्यात ती रेकॉर्डिंगं रेडिओसारखी ऐकत बसायचे.

चहाचा कप घेऊन ते तिच्या मागे येऊन उभे राहिले आणि काहीतरी बोलले.

"काय?"

"सुंदर दिसतंय म्हटलं."

इस्पितळातून आल्यापासून त्यांचा आवाज खाली गेला होता.

"मग यातली जुनी काढू या? दोन वर्षांपूर्वीची गुणगुण कोण ऐकतंय?"

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने आईचा फोटो विकायला काढला होता. "माश्यांना हात लावायचा नाही. अळंब्या काढ हवं तर."

२

अळंब्यांनी फारसं काही भागलं नाही. दार्याने पुन्हा ऍप चालवलं आणि या वेळी नीट बघत बसली. तिचा धंदाच तो. दुसऱ्याच्या पानावर एखादं टिंब जास्त असलं तरी तिच्या डोळ्यांना टोचायचं.

अठराव्या चौकोनाला लागून एक बारीक पट्टी होती. पेन्सिलीच्या रेघेएवढी, कुठल्याच रंगात धड न बसणारी, राखेसारखी. तिच्यावर बाण नेला तर फोल्डरचं नाव उमटलं: १९.

"बाबा, आपल्या पेट्या किती?"

"अठरा. बापाच्या घरच्या पेट्या माहीत नाहीत तुला?"

"एकोणिसावी कधी होती का?"

"भिंतीत खणच अठरा आहेत गं. एकोणिसावी ठेवू कुठे, डोक्यावर?"

फोल्डरमधली पहिली तारीख तेवीस मे होती. ती तारीख दार्या विसरणं शक्यच नव्हतं. बावीसला बाबांना रुग्णवाहिकेतून नेलं होतं आणि तेवीसला दिवसभर ती इस्पितळातल्या बाकावर बसून होती. त्या दिवशी घरात कुणीच नव्हतं.

तिने स्तानेला फोन लावला.

"तारा अठरा आहेत," स्ताने म्हणाला. "मी स्वतः ओढल्यात, पाठ अजून धरते. एकोणिसावी तारच नाही तर एकोणिसावं येणार कुठून? म्हाताऱ्याने कुठेतरी बोट लावलं असेल. दे त्याला फोन, खरडपट्टी काढतो."

तिने बाबांना फोन दिला. बाबा खुशीत येऊन बोलू लागले, पेट्यांबद्दल, पावसाबद्दल, स्तानेच्या पाठीबद्दल. मग थांबले आणि फोनकडे बघत राहिले. दार्याने तो कानाला लावला.

"हॅलो? हॅलो?" स्ताने म्हणत होता. "दार्या, लाईन गेली होती वाटतं. काही ऐकू नाही आलं."

"बहिरा झालाय तो," बाबा म्हणाले आणि हसले. पण त्या दिवशी त्यांनी पुन्हा कुणाला फोन केला नाही.

३

मग दार्याला एकेक गोष्ट दिसू लागली. आधीही ती डोळ्यांसमोरच होती.

पावाच्या दुकानात बाबांनी दोनदा राईचा पाव मागितला आणि दुकानदारीण त्यांच्या खांद्यावरून दार्याला म्हणाली, "बोला, काय देऊ?" डॉक्टरांनी छाती तपासली, घसा तपासला, सगळं ठणठणीत असल्याचं सांगितलं आणि सांगताना सारा वेळ दार्याकडेच पाहिलं. बाबांचं यावर म्हणणं असं, की माणूस म्हातारा झाला की सामानात जमा होतो, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. ती त्यांना लिंडनच्या फुलांचा चहा करून द्यायची, त्यात घरचा मध घालून. ते तो निमूट प्यायचे. आवाज काही वर येत नव्हता.

त्यांना खरं लागलं ते माश्यांचं वागणं.

रोज न्याहारी झाली की बाबा माश्यांच्या घरात जायचे आणि तासभर बोलायचे. गावातली प्रत्येक बातमी आधी त्या अठरा पेट्यांना कळायची, मग दार्याला. त्या खोलीत मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास होता, उजेड फटींतून यायचा, आणि भिंत अशी गुणगुणायची की ती उभ्या माणसाच्या दातांत जाणवायची. लहानपणी दार्या तिथे अभ्यासाला बसायची.

"त्या रुसल्यात माझ्यावर," एकदा बाबा म्हणाले. त्यांनी चौथ्या पेटीचं दार उघडलं आणि उघडा हात चौकटीवर ठेवला. माश्या हाताच्या दोन्ही बाजूंनी गेल्या. एकही वर चढली नाही. मध्ये दगड ठेवला असता तर त्या दगडावरून तरी चालल्या असत्या.

"पूर्वी चार-दोन तरी चढायच्या. निदान डसायच्या तरी." ते हात तसाच ठेवून उभे राहिले. "साठ वर्षं सांभाळलं त्यांना. काय चुकलं माझं, तेवढं सांगा म्हणावं."

दार्याने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. पाठ होती, गरम होती, स्वेटरला चहाचा डाग होता. बाबा तर इथेच होते.

४

पट्टी रुंद होत होती. दार्या रोज न्याहारीनंतर ऍप चालवायची आणि राखी पट्टी कालच्यापेक्षा जाड दिसायची. आठ दिवसांत तिचा चौकोन झाला.

शेवटी तिने कानाला हेडफोन लावून चौथ्या पेटीची आदल्या दिवशीची फाईल उघडली. सकाळी साडेआठच्या सुमाराची. गुणगुण. दाराची कुरकुर. शेजारच्या कुत्र्याचं भुंकणं. मग तिचा स्वतःचा आवाज, लांबून, अंगणातून:

"बाबा, कॉफी आत आणू की बाहेर येताय?"

गुणगुण.

"मग नंतर थंड झाली म्हणू नका."

गुणगुण. आणि मग तिचं हसणं, मोठ्याने, मनापासून.

ती का हसली होती ते तिला पक्कं आठवत होतं. थंड कॉफीने माणूस देखणा होतो असं गावात म्हणतात, आणि बाबा म्हणाले होते की मला अजून वाव आहे. ते वाक्य तिथे नव्हतं. पाचव्या पेटीत नव्हतं, सहावीत नव्हतं, अठरांपैकी कशातच नव्हतं. अंगणातला तिचा आवाज मायक्रोफोनने टिपला होता, शेजारचं कुत्रं टिपलं होतं, आणि पेटीला नाक लावून उभ्या असलेल्या माणसाचा श्वाससुद्धा टिपला नव्हता.

काहीतरी तांत्रिक असेल, तिने स्वतःला सांगितलं. आवाज खाली गेलाय, गुणगुणीत बुडाला असेल. हे पटण्यासारखं होतं. पटवून घ्यायला तिने चांगली पंधरा मिनिटं खर्च केली. मग तिने एकोणिसावा फोल्डर उघडला.

त्यात गुणगुण नव्हती. कुत्रं नव्हतं, वारा नव्हता. कानांत कापूस घालावा तशी शांतता होती. आणि त्या शांततेत बाबा बोलले, अगदी जवळून, वीस वर्षांपूर्वीच्या भरदार आवाजात:

"आत आण. थंड झाली तर झाली. थंड कॉफीने माणूस देखणा होतो, आणि मला अजून वाव आहे."

दार्याचे डोळे भरून आले. तो आवाज तिला किती हवा होता ते तिला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं. ती ऐकत राहिली. बाबा माश्यांना गावातल्या बातम्या सांगत होते, कुणाची गाय व्याली, कुणाचा जावई रुसला. मग बराच वेळ काही नाही. आणि अगदी शेवटी, कुणीतरी काहीतरी विचारल्यावर उत्तर द्यावं तसं, हळूच:

"हो. उबदार आहे इथे."

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. बाबा बाहेर कट्ट्यावर बसून वाटाणे सोलत होते.

५

शेजारच्या रेझकामावशी रविवारी अक्रोडाची पोतित्सा घेऊन आल्या. ही गोड गुंडाळी त्या दर सणाला करत आणि दर सणाला ती बिघडली म्हणून सांगत. दाराशी ठेवलेल्या पाहुण्यांच्या सपाता त्यांनी पायांत चढवल्या आणि स्वयंपाकघरात येऊन बसल्या. बाबा समोरच होते. मावशी अर्धा तास बोलल्या आणि एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नाही. बाबांनी दोनदा काहीतरी विचारलं. मावशी खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दार्या त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली.

"मावशी, तेवीस मेला तुम्ही आमच्या इथे आला होतात?"

रेझकामावशींच्या गालांवर लाली चढली. सत्तरीच्या बाईला ती शोभत नव्हती. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुम्ही सांगा."

"हे बघ, आदल्या दिवशी रुग्णवाहिका गेलेली. सकाळी मृत्यूची घंटा वाजली. तीन टप्पे, म्हणजे पुरुष. मी काय समजायचं?" मावशींनी एप्रनचं टोक पिळलं. "माणसांना कळायचं तेव्हा कळतं. पण माश्यांना लगेच सांगावं लागतं, नाहीतर त्या मालकामागे जातात. तू तिकडे. घरात कुणी नाही. मग मीच गेले."

त्या डोंगरातल्या गावांतून गाय मरते, कुत्रं मरतं, पण मधमाशी वारते. तिच्यासाठी माणसाचाच शब्द वापरतात. आणि मालक गेला की घरचं कुणीतरी प्रत्येक पेटीवर तीनदा टकटक करून तिला तसं कळवतं. दार्याला हे ठाऊक होतं, जसं आपल्याला आपल्या गावचं सगळं ठाऊक असतं आणि आपण ते कधी हिशेबात धरत नाही.

"काय सांगितलंत?"

"जे सांगतात तेच. 'तुमचा मालक अल्बिन वारला. आता मालकीण दार्या. राहा.' अठराही पेट्यांना. दुपारी कळलं की घंटा वरच्या वाडीतल्या पोस्टमनसाठी होती."

"मग परत जाऊन चूक झाली म्हणून नाही सांगितलंत?"

"लाज वाटली गं. आणि सांगणार काय? तशी रीतच नाही. कोण वारलं आणि आता मालक कोण, एवढंच माश्यांना सांगतात. त्यापुढे त्यांना काही सांगायचं नसतं."

"आता माझे बाबा तुम्हाला दिसत तरी आहेत का, मावशी?"

"म्हणजे? अल्बिन अजून इस्पितळातच आहे ना?" रेझकामावशी म्हणाल्या.

दार्या फाटक धरून उभी राहिली. कट्ट्यावरून बाबा मावशींना हात हलवत होते.

६

सोमवारी सकाळी दार्याने ठरवलं की चूक सापडली आहे तर ती दुरुस्त करायची. आयुष्यभर तिने तेच केलं होतं. ती माश्यांच्या घरात गेली आणि एकेका पेटीवर टकटक करत म्हणाली, "बाबा जिवंत आहेत. तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलं." अठरा वेळा. आपण अगदीच बावळट दिसत असणार असं तिला वाटत होतं. गुणगुणीत काडीचा फरक पडला नाही. आपल्याशी संबंध नसलेली गोष्ट माणसं ऐकतात तसं माश्यांनी ते ऐकलं.

मंगळवारी राखी चौकोन इतर अठरांएवढा झाला होता. बुधवारी त्यांच्याहून मोठा.

त्याच दिवशी न्याहारीला बाबांचे ओठ हलले आणि दार्याला काहीच ऐकू आलं नाही. ती खुर्ची ओढून जवळ सरकली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग खिशातून बियाण्याचं रिकामं पाकीट काढलं आणि त्याच्या मागे पेन्सिलीने लिहून तिच्यापुढे सरकवलं.

माझं काय झालंय गं?

इतके दिवस त्यांनी चेष्टेवारी नेलं होतं. आता ते तिच्या तोंडाकडे बघत होते. दार्याने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि काही नाही, घसा बसलाय, असं ठणकावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. तिच्यावर त्यांचा तेवढा विश्वास होता.

दुपारी तिने बटाट्याचं सूप केलं, टेबल मांडलं, बसली आणि जेवायला सुरुवात केली. अर्धं सूप संपल्यावर तिची नजर वर गेली. बाबा समोर बसले होते. हात मांडीवर ठेवून, तिच्याकडे बघत, धीराने वाट पाहत. त्यांच्यापुढे काहीच नव्हतं. तिने एकच थाळी मांडली होती.

तिने त्यांना वाढलं, माफी मागितली, त्यांच्या डोक्याचा मुका घेतला आणि न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, ओठ चावत रडली. आवाज गेला होता, दुकानदारीण गेली होती, रेझकामावशी गेल्या होत्या. त्यांना बघणारी या जगात ती एकटी उरली होती आणि आता तीही चुकू लागली होती. उद्या सकाळी ती उठली आणि तिला आठवलंच नाही, तर?

७

ती तशीच मागच्या दाराने निघाली. बाहेर रणरणीत ऊन होतं. लिंडन फुलला होता आणि सगळ्या माश्या कामावर होत्या.

आत शिरून तिने दार लावून घेतलं आणि क्षणभर उभी राहिली. जिवंत माणसाची बातमी या ऐकत नाहीत. कोण वारलं आणि आता मालक कोण, एवढंच ऐकतात. बरं. तर मग तेवढंच सांगायचं. हे नुसते शब्द आहेत, तिने स्वतःला बजावलं. रोज हजारो शब्द खोडते मी, कुणाला काही होत नाही.

तिने पहिल्या पेटीवर तीनदा टकटक केलं.

"तुमची मालकीण दार्या वारली. आता मालक अल्बिन. राहा."

पहिल्यांदा तिला हसू आलं. तिसऱ्या पेटीपाशी हसू गेलं. दहावीपाशी आपलंच नाव तिला परकं वाटू लागलं, लहानपणी कधीतरी ओळख झालेल्या मुलीचं असावं तसं. परत फिरावं असं तिला दोनदा वाटलं. दोन्ही वेळा मांडीवर हात ठेवून वाट बघणारे बाबा तिच्या डोळ्यांपुढे आले आणि ती पुढच्या पेटीकडे गेली.

अठराव्या पेटीवर शेवटची टकटक झाली आणि गुणगुण थांबली.

सगळी भिंत एकदम थांबली. तिला आठवत होतं तेव्हापासून ही खोली कधीच गप्प झाली नव्हती, हिवाळ्यातसुद्धा नाही. बाहेर लांब कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता. तिने आपला श्वास ऐकला. दहापर्यंत मोजलं.

मग तिच्या कानाशी, उजवीकडून, गुणगुण सुरू झाली. उजवीकडे पेटी नव्हती. तिथे अठरावा खण संपून नुसती फळ्यांची भिंत होती, आजोबांनी ठोकलेली. त्या भिंतीला तिने तळवा लावला. पिल्लं असलेली पेटी उबदार लागते, तशी ती उबदार होती. आत काहीतरी हळूच सरकलं, आल्यागेल्याला जागा करून द्यावी तसं.

तिने हात काढून घेतला. एकेक करत अठराही पेट्या गुणगुणू लागल्या.

८

सकाळी तिला जाग आली ती बाबांच्या ओरडण्याने. घरातल्या एकुलत्या धड, चौथ्या शिडीचीही पायरी मोडली होती आणि ते शिडीला शिव्या देत होते, खणखणीत आवाजात, शेजारच्या कुत्र्यालाही ऐकू जाईल अशा. कुत्रं भुंकून उत्तर देत होतं. दार्या अंथरुणात पडल्या पडल्या तोंडावर हात ठेवून हसत राहिली.

न्याहारीनंतर त्यांनी तिला ओढतच माश्यांच्या घरात नेलं. हात चौकटीवर ठेवला. एक माशी चढली, मग दुसरी, मग मनगटापर्यंत सगळा हात तपकिरी होऊन गेला. एकीने अंगठ्याला डंख मारला. बाबांनी तो सुजलेला अंगठा तिच्यापुढे असा धरला की जणू मेडल मिळालं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. दुपारी रेझकामावशी फाटकातून ओरडून म्हणाल्या, "अल्बिन, इस्पितळातून आलास आणि कळवलंही नाहीस, मेल्या." बाबांनीही मावशींना तसंच सुनावलं. दोघं तासभर भांडली. इतकं सुखाचं भांडण दार्याने कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी उन्हं कलली तेव्हा ती संगणकापाशी बसली आणि ऍप चालवलं. अठरा सारखे चौकोन, सहा-सहाच्या तीन ओळी. राखी चौकोन गेला होता. तिचा जीव भांड्यात पडला. मग तिने चष्मा लावला. अठराव्याला लागून पेन्सिलीच्या रेघेएवढी एक पट्टी होती. तिच्यात आजच्या तारखेची एकच फाईल होती.

तिने ती उघडली नाही. चौथ्या पेटीची सकाळची फाईल उघडली.

"चढली, बघ, चढली," बाबांचा आवाज आला, गुणगुणीच्या वर, स्पष्ट. मग नुसती गुणगुण. मग बाबा: "अगं दुखतंय कसलं, गोड वाटतंय." पुन्हा गुणगुण. बाबांचं हसणं. "तुझं आपलं काहीतरीच, दार्या." आणि मग बराच वेळ ते कुणाचं तरी बोलणं ऐकत असावेत तशी गुणगुण, आणि शेवटी हळूच: "मलाही गं पोरी. मलाही."

ती त्यांना काय म्हणाली होती ते तिला आठवत होतं. मला तुम्ही हवे आहात, असं म्हणाली होती. पन्नाशीला आल्यावर पहिल्यांदाच.

तिला भीती वाटली. ती भीती आता जाणार नव्हती. पश्चात्ताप मात्र तिने शोधून पाहिला आणि तो कुठे सापडला नाही. बाबांना हे कळता कामा नये, एवढंच. कळलं तर म्हातारा उद्या सकाळी जाऊन पेट्यांवर टकटक करून येईल, तिला तो पुरता माहीत होता. तिने ऍप संगणकावरून काढून टाकलं. अजून किती दिवस आणि किती शब्द हातात आहेत कोण जाणे. जेवढे आहेत तेवढे त्यांच्याशी बोलायचे, पाव आणायला गेल्यावर वाया घालवायचे नाहीत.

"दार्या, जेवायला ये," स्वयंपाकघरातून बाबांनी हाक मारली. "डिस्कचं झालं का तुझं?"

"झालं बाबा. आले."

भांडी वाजली. थाळ्या मांडल्याचा आवाज आला, एक, आणि मग दुसरी.

"दार्या?" बाबांनी पुन्हा हाक मारली. "ऐकतेस ना गं?"

ती उठली, आणि त्यांना दिसेल अशी दारात जाऊन उभी राहिली.